घर एका देशात, शाळा दुसऱ्या देशात: 'गोदो'वाल्या सॅम्युअल बेकेटची गोष्ट

नकाशावर कुणीतरी एक रेघ ओढतं आणि रोजची वाट अचानक परमुलखात जाते, हे सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आयर्लंडमध्ये १९२१ साली अशी रेघ ओढली गेली. तेव्हा डब्लिनजवळच्या फॉक्सरॉक गावचा एक पंधरा वर्षांचा मुलगा उत्तरेला एनिसकिलनच्या पोर्टोरा रॉयल स्कूलमध्ये बोर्डिंगात राहून शिकत होता. घर दक्षिणेत, शाळा उत्तरेत. सुट्टीला घरून जाताना देश एकच होता. पुढे बघता बघता घर एका राज्यव्यवस्थेत राहिलं आणि शाळा ब्रिटिशांकडे गेली. मुलगा अभ्यासात बरा, क्रिकेटमध्ये उत्तम, बोलायला कमी. त्याचं नाव सॅम्युअल बेकेट. पुढं ज्याला जगानं 'अ‍ॅब्सर्ड' नाटक म्हटलं, त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाटक या मुलानं लिहिलं. तेही आपल्या भाषेत नाही, फ्रेंचमध्ये.

रेघ ओढली म्हणून हा माणूस असा झाला, असं काही मी म्हणणार नाही. इतकं सरळ गणित कुठल्याच लेखकाचं नसतं. पण आपण कुठले, आपली भाषा कुठली, हे प्रश्न ज्यांच्या घरात रोज जेवायला बसतात त्यांना बेकेटचं आयुष्य परकं वाटत नाही, एवढं नक्की.

जन्म १३ एप्रिल १९०६. त्या दिवशी गुड फ्रायडे होता. जन्मदाखल्यावर मात्र १३ मे अशी नोंद आहे, म्हणजे कागदोपत्री घोळ तिकडेही होतात! वडील विल्यम हे बांधकामाची मापं काढून खर्चाचा हिशेब मांडणारे व्यावसायिक. खाऊनपिऊन सुखी, मोकळ्या स्वभावाचे, मुलाला घेऊन डोंगरात मैलोन् मैल चालणारे. आई मे लग्नाआधी नर्स होती. कडक शिस्तीची आणि तितकीच श्रद्धाळू. मोठा भाऊ फ्रँक. कॅथलिकांच्या देशातलं हे प्रॉटेस्टंट घर, म्हणजे तिथले हे अल्पसंख्य. आईचं आणि धाकट्या मुलाचं आयुष्यभर एकमेकांवाचून चाललं नाही आणि एकमेकांशी कधी पटलंही नाही.

१९२३ मध्ये तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. विषय फ्रेंच आणि इटालियन. क्रिकेट चालूच होतं. डावखुरा फलंदाज आणि मध्यमगती गोलंदाज. डब्लिन विद्यापीठाकडून नॉर्दम्प्टनशायरविरुद्ध तो १९२५ आणि १९२६ मध्ये दोन प्रथम श्रेणी सामने खेळला. चार डावांत ३५ धावा, विकेट एकही नाही. आकडे काही सांगण्यासारखे नाहीत, पण 'विस्डेन'मध्ये नोंद असलेला साहित्याचा नोबेलविजेता दुसरा कुणी नाही.

पदवीनंतर १९२८ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत इंग्रजी शिकवण्याची दोन वर्षांची नेमणूक मिळाली. तिथं भेटला जेम्स जॉइस. तोही डब्लिनचाच, स्वखुशीनं परदेशात राहणारा, आणि तोवर जगभर नाव झालेला. जॉइसची दृष्टी जवळपास गेलेली. बेकेट त्याला वाचून दाखवायचा, तो सांगेल ते उतरवून घ्यायचा, त्याच्या अवाढव्य नव्या कादंबरीसाठी माहिती खणून आणायचा. तरुण बेकेट गुरूसारखे बूट घालायचा, गुरूसारखा बसायचा. जॉइसची मुलगी लुचिया त्याच्यात गुंतली. आपण तिच्यासाठी नव्हे, तिच्या वडिलांसाठी येतो, असं त्यानं तिला सांगितल्यावर घरात वादळ झालं आणि काही काळ त्याला त्या घराचं दार बंद झालं.

१९३० मध्ये ट्रिनिटीत प्राध्यापकी मिळाली. आईवडील खूश. पण जे स्वतःलाच कळलेलं नाही ते मुलांना शिकवायचं कसं, हे त्याला पटेना. दीड वर्षानं जर्मनीत गेला आणि तिथूनच राजीनामा पाठवून दिला. पुढची काही वर्षं वाईट गेली. १९३३ मध्ये वडील गेले. त्याला रात्री छातीत धडधडायचं, श्वास कोंडायचा, अंगावर गळवं यायची. उपचारासाठी तो लंडनला गेला. टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये विल्फ्रेड बियॉन या तरुण मनोविश्लेषकाकडे जवळजवळ दोन वर्षं चालू होतं. पैसे आई पाठवत होती. या काळात त्यानं कार्ल युंगचं एक व्याख्यान ऐकलं. त्यात युंगनं एका मुलीची हकीकत सांगितली. तिच्यावर काहीच उपाय चालेना, कारण जन्म होऊनही ती खऱ्या अर्थानं जन्मलीच नव्हती. ही गोष्ट बेकेटच्या मनात घर करून बसली. पुढं त्याच्या एका नभोनाट्यात ती आलीही. 'मर्फी' ही कादंबरी याच काळातली. चाळिसेक प्रकाशकांनी ती परत पाठवली. छापून आली १९३८ मध्ये, आणि खपली म्हणाल तर नाहीच.

आईशी एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि १९३७ च्या अखेरीस तो कायमचा पॅरिसला गेला. काही आठवड्यांतच, जानेवारी १९३८ मध्ये, रात्री मित्रांबरोबर घरी चालत येताना एक दलाल गळ्यात पडला. बेकेटनं त्याला झटकलं, त्यानं सुरा काढून छातीत खुपसला. हृदय थोडक्यात वाचलं. जॉइसनं स्वतः खटपट करून त्याला इस्पितळात वेगळी खोली मिळवून दिली. बरा झाल्यावर बेकेटनं त्या माणसाला गाठून विचारलं, माझ्यावर वार का केलास? तर त्याचं उत्तर असं की, मलाच माहीत नाही, माफ करा. अ‍ॅब्सर्ड नाटकावर बोलणारे हा प्रसंग हटकून सांगतात. मला त्यात जास्त महत्त्वाची वाटते ती त्या इस्पितळात समाचाराला आलेली बाई. सुझान देशव्हो-द्युमेनिल, पियानो वाजवणारी, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. ती आली ती पुढची पन्नास वर्षं राहिली, आणि ती नसती तर 'गोदो' कुठल्या तरी पेटीतच राहिलं असतं.

महायुद्ध सुरू झालं तेव्हा बेकेट आईकडे आयर्लंडला गेलेला होता. आयर्लंड तटस्थ. तिथं राहिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. तो पॅरिसला परतला. १९४१ मध्ये ट्रिनिटीच्या दिवसांपासूनचा मित्र आल्फ्रेद पेराँ याच्यामुळे तो नाझींविरुद्ध काम करणाऱ्या एका गुप्त गटात शिरला. जर्मन सैन्याच्या हालचालींच्या बातम्या चिठोऱ्यांवर यायच्या. त्या जुळवायच्या, इंग्रजीत आणायच्या, टंकायच्या. मग त्यांची सूक्ष्म छायाचित्रं लंडनकडे जायची. म्हणजे काम भाषांतराचंच, पण पकडलं तर मरण. ऑगस्ट १९४२ मध्ये गटात शिरलेल्या एका फितूर पाद्र्यानं सगळ्यांना धरून दिलं. पेराँ पकडला गेला. त्याच्या बायकोनं पाठवलेली इशाऱ्याची तार मिळताच बेकेट आणि सुझान काही तासांत घर सोडून निघाले. पेराँ छळछावणीतून जिवंत सुटला खरा, पण १९४५ मध्ये घरी पोचण्याआधीच गेला.

ही दोघं लपतछपत, कधी रात्रीची पायी चालत, कधी गवताच्या गंजीत झोपून, दक्षिण फ्रान्समधल्या रूसियाँ या डोंगरावरच्या गावात पोचली. तिथली माती लालभडक, आपल्या कोकणातल्यासारखी. तिथं दोन वर्षांहून जास्त काळ त्यांनी काढला. शेतावर राबायचं, द्राक्षं तोडायची, त्या बदल्यात बटाटे, भाजी, वाइन घ्यायची. रात्री बेकेट 'वॉट' ही इंग्रजी कादंबरी लिहायचा, वेड लागू नये म्हणून. बाकी वेळ वाट बघायची. युद्ध संपण्याची, बातमीची, कुणी आपल्याला पकडायला येतंय का याची. पुढं 'गोदो'च्या फ्रेंच संहितेत या गावाचं नाव सरळ सरळ येतं. इंग्रजीत आणताना बेकेटनं ते काढून टाकलं. तिथं पात्राला गावाचंही नाव आठवत नाही आणि ज्याच्याकडे द्राक्षं तोडली त्या माणसाचंही नाही. फ्रान्स सरकारनं त्याला युद्धातल्या कामगिरीबद्दल पदक दिलं. जवळच्या माणसांनासुद्धा ते फारसं माहीत नव्हतं. तो त्याबद्दल बोलायचाच नाही.

युद्धानंतर आईला भेटायला गेला आणि परत फ्रान्समध्ये शिरायचं तर परवानगी मिळेना. मग आयरिश रेडक्रॉसच्या तुकडीत भांडारपाल आणि दुभाषा म्हणून नाव नोंदवलं. तुकडी गेली सँ-लो या गावी, जिथं बॉम्बहल्ल्यांत जवळपास सगळं जमीनदोस्त झालं होतं. रस्ते नाहीत, घरं नाहीत, चिखल आणि विटा. उंदीर मारायचं औषध मागवण्यापासून रुग्णांना ने-आण करण्यापर्यंत सगळं त्यानं केलं. बेकेटच्या रंगमंचावरचा उजाडपणा कुठल्याशा पुस्तकी तत्त्वज्ञानातून आला असं ज्यांना वाटतं, त्यांनी सँ-लोची तेव्हाची छायाचित्रं एकदा बघावीत.

याच सुमारास, आईच्या घरी तिच्या खोलीत, त्याला एक गोष्ट लख्ख दिसली. जॉइस म्हणजे ज्ञानाचा डोंगर. शब्द, संदर्भ, भाषा, सगळं वाढवत नेणारा. त्या वाटेनं आपण कितीही चाललो तरी त्याच्या मागेच राहणार. आपली वाट उलटी. कमी करत जायचं, काढून टाकायचं, न कळण्यापासून आणि न जमण्यापासूनच सुरुवात करायची. वय चाळिशीला आलेलं, नावावर जवळजवळ काही नाही, आणि आता कुठे काय करायचं ते कळलं.

इथून त्यानं फ्रेंच धरली. का? फ्रेंचमध्ये शैलीशिवाय लिहिणं सोपं जातं, अशा अर्थाचं तो म्हणत असे. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन भाषांत वावरणाऱ्यांना ते लगेच कळावं. आपल्या भाषेत बोलताना म्हणी, वाक्प्रचार, आजीचे शब्द, शाळेतल्या कविता न बोलावता येतात. वाक्य आपण बोलायच्या आधीच अर्धं तयार असतं. शिकलेल्या भाषेत तसं होत नाही. प्रत्येक शब्द हातात घेऊन बघावा लागतो, हा पाहिजे का, हा नको का. बेंगळुरूत नोकरी करणारा बेळगावचा माणूस ऑफिसात कन्नडमध्ये जेवढं लागतं तेवढंच बोलतो, आणि घरी येऊन मराठीत पाल्हाळ लावतो. बेकेटला ते पाल्हाळच नको होतं. आणखी एक, त्याचं इंग्रजी जॉइसच्या सावलीत वाढलेलं. फ्रेंचमध्ये ती सावली नव्हती.

१९४६ ते १९५० या चार-पाच वर्षांत त्यानं झपाटल्यासारखं लिहिलं. 'मोलॉय', 'मॅलोन मरतो आहे' आणि त्यापुढची तिसरी कादंबरी. या कादंबऱ्यांच्या कोंडीतून जरा हवा खायला म्हणून एका वहीत नाटक सुरू केलं. ९ ऑक्टोबर १९४८ ला सुरुवात, २९ जानेवारी १९४९ ला संपलं. नाव 'आँ आतांदाँ गोदो', म्हणजे गोदोची वाट बघताना. चार महिनेही लागले नाहीत.

नाटकात काय आहे? खेडेगावातला रस्ता, एक झाड, संध्याकाळ. व्लादिमिर आणि एस्ट्रागॉन हे दोन फाटके इसम गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघताहेत. तो कोण, कशासाठी यायचाय, त्यांनाही धड माहीत नाही. पोझो नावाचा एक मालक लकी नावाच्या गुलामाला दोरीनं हाकत येतो आणि जातो. शेवटी एक पोरगा येऊन सांगतो, गोदो आज येत नाही, उद्या येईल. दुसऱ्या अंकात परत तेच. फरक इतकाच की झाडाला चार पानं फुटलीत, पोझो आंधळा झालाय, लकी मुका. आणि दोघं तिथंच.

प्रकाशक मिळेना. बेकेट संकोची, कुणाच्या दारात जाऊन उभा राहणारा नव्हे. हस्तलिखितं घेऊन पॅरिसभर फिरली ती सुझान. एकामागून एक नकार घेत ती मिन्युई प्रकाशनाच्या तरुण झेरोम लँदाँकडे पोचली. त्यानं १९५० मध्ये तिन्ही कादंबऱ्या एकदम घेतल्या. नाटक घेऊन ती रोजे ब्लँ या दिग्दर्शकाकडे गेली. बेकेटची दोन नाटकं ब्लँच्या हातात होती. एकात पात्रांची गर्दी आणि अवघड नेपथ्य. दुसऱ्यात पाच पात्रं आणि एक झाड. ब्लँकडे पैसे नव्हते. त्यानं झाडवालं निवडलं. विसाव्या शतकातलं सगळ्यात चर्चिलेलं नाटक पहिल्यांदा उभं राहिलं त्यात नेपथ्याचा खर्च परवडणं हा एक मोठा मुद्दा होता, हे आपल्या हौशी नाट्यसंस्थांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

५ जानेवारी १९५३, तेआत्र द बाबिलोन. थिएटर लहानसं, धड पैसे नसलेलं. लकीचं काम करणाऱ्या झाँ मार्तँनं अंगभर थरथर ठेवली होती. एका डॉक्टर मैत्रिणीला विचारून त्यानं ती पार्किन्सनच्या रुग्णांवरून उचलली होती. बेकेटची आई १९५० मध्ये गेली, तिला शेवटी हाच आजार होता. बेकेट स्वतः पहिल्या प्रयोगाला नव्हता. पण नाटकाच्या शेवटी एस्ट्रागॉनची विजार पूर्ण खाली पडत नाही, नट ती कमरेशी धरून ठेवतो, हे कानावर येताच त्यानं ब्लँला पत्र लिहिलं. विजार घोट्यापर्यंत पडलीच पाहिजे. तो हशा आणि ती करुणा एकाच जागी यायला हवी, नाहीतर सगळंच फुकट.

'अ‍ॅब्सर्ड'बद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे, तो इथेच सुटतो. आपल्याकडे सत्तरच्या दशकात प्रायोगिक रंगभूमीवर हा शब्द फार फिरला. अच्युत वझ्यांचं 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक', सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण', अशी आपल्या मातीतली चांगली नाटकंही त्या हवेत झाली. पण स्पर्धांतून असंही बघितलंय की कशाचा कशाला मेळ नाही, पात्रं वेडंवाकडं बोलतात, दिवा लाल होतो, आणि विचारलं तर उत्तर येतं, अ‍ॅब्सर्ड आहे. बेकेटच्या नाटकात विजार किती इंच पडावी हेसुद्धा ठरलेलं असतं. अर्थ हरवलेला असेल, शिस्त हरवलेली नसते.

मूळ विचार आल्बेर कामूचा. १९४२ मध्ये सिसिफसच्या ग्रीक कथेवरच्या निबंधात त्यानं तो मांडला. दगड डोंगरावर चढवायचा, तो खाली गडगडणार, पुन्हा चढवायचा. माणूस विचारत राहतो, याचा अर्थ काय, आणि जग गप्प राहतं. नुसता माणूस अ‍ॅब्सर्ड नाही, नुसतं जगही नाही. त्या हाकेत आणि त्या गप्प राहण्यात जी फट पडते ती अ‍ॅब्सर्ड. मार्टिन एस्लिन या समीक्षकानं १९६१ च्या आपल्या पुस्तकात हा शब्द नाटकांना लावला. त्याचा मुद्दा असा होता की कामू किंवा सार्त्र जगाचा निरर्थकपणा अगदी नीटनेटक्या, तर्कशुद्ध भाषेत समजावून सांगतात. हे नवे नाटककार समजावत नाहीत. ते नाटकच तसं बांधतात. म्हणून आदि-मध्य-अंत नाही, गोष्ट पुढे जात नाही, फिरून तिथंच येते. पात्रांना गाव, जात, धंदा, पूर्वायुष्य नाही. संवादातून निष्पन्न काही होत नाही, बोलणं हे वेळ काढायचं साधन. आणि ज्याला शांतता म्हणतात ती संहितेत लिहिलेली, मोजून पाळायची. जोडीला सर्कशीतल्या विदूषकांची, मूकपटांची, नाचगाण्याच्या स्वस्त थिएटरांची करामत. बोलर हॅट, घट्ट बूट, टोप्यांची अदलाबदल, धडपडणं.

एस्लिनच्या यादीतली माणसं बघा. बेकेट आयरिश. युजीन आयोनेस्को रुमानियाचा. आर्थर अदामोव्ह रशियन साम्राज्यात जन्मलेला. सगळे लिहिणार फ्रेंचमध्ये. आयोनेस्कोचं १९५० चं पहिलं नाटक तर इंग्रजी शिकायच्या पुस्तकातून सुचलं. त्यातली नवराबायको एकमेकांना माहीत असलेल्याच गोष्टी पाठातल्यासारख्या सांगत बसतात. स्वतः एस्लिन बुडापेस्टमध्ये जन्मलेला, व्हिएन्नात वाढलेला, नाझींच्या तडाख्यातून निसटून इंग्लंडला आलेला. भाषा म्हणजे किती तकलादू पूल असतो, हे उसन्या भाषेत राहणाऱ्यांना आधी दिसलं, यात नवल नाही. बेकेटला मात्र हे लेबल कधी आवडलं नाही. आपण जगाबद्दल काही सिद्धान्त मांडतोय, हीच कल्पना त्याला खटकायची.

'गोदो' त्यानं स्वतःच इंग्रजीत आणलं. ३ ऑगस्ट १९५५ ला लंडनला आर्ट्स थिएटरमध्ये चोवीस वर्षांच्या पीटर हॉलनं ते केलं. लोक मध्येच उठून गेले. रविवारच्या वर्तमानपत्रांतल्या दोन समीक्षकांनी, हॅरॉल्ड हॉब्सन आणि केनेथ टायनन यांनी, उचलून धरलं म्हणून तरलं. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकेत मायामीला तर फजिती झाली. तिथं धमाल विनोदी नाटक म्हणून जाहिरात केली होती. सुट्टीला आलेली पैसेवाली मंडळी मध्यंतरात घरी गेली.

पण ज्यांना हे नाटक कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, असे प्रेक्षकही होते. १९५३ मध्येच जर्मनीत लुट्रिंगहाउझेनच्या तुरुंगातल्या एका कैद्यानं फ्रेंच प्रत मिळवून स्वतःच भाषांतर केलं आणि इतर कैद्यांना घेऊन प्रयोग बसवला. त्याचं पत्र आलं तेव्हा बेकेट हलून गेला. १९ नोव्हेंबर १९५७ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात चौदाशे कैद्यांपुढे प्रयोग झाला. हे नाटक निवडायचं कारण काय, तर त्यात बाई नाही! नटांना धास्ती होती की गोंधळ होईल. कैदी शेवटपर्यंत बसले. वाट बघणं म्हणजे काय हे त्यांना कोण शिकवणार? रिक क्लची नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याला त्या संध्याकाळी कोठडीबाहेर सोडलं नव्हतं, त्यानं ध्वनिक्षेपकावरून ऐकलं. पुढं त्यानं तुरुंगातच नाटकमंडळी उभी केली, सुटला, आणि एक दिवस खुद्द बेकेटच्या दिग्दर्शनाखाली काम केलं.

यश आलं आणि घरातली माणसं जात राहिली. १९५४ मध्ये भाऊ फ्रँक कर्करोगानं गेला. बेकेट कित्येक महिने त्याच्या उशाशी होता. त्यानंतरचं 'एंडगेम' (१९५७) वाचताना हे आठवतं. एक आंधळा, चाकाच्या खुर्चीत बसलेला मालक, बसू न शकणारा नोकर, आणि कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेले म्हातारे आईबाप. क्रूर आहे, आणि मला वाटतं बेकेटचं सगळ्यात पक्कं नाटकही तेच. १९५८ च्या 'क्रॅप'मध्ये एक म्हातारा आपल्याच तरुणपणच्या आवाजाच्या टेप ऐकतो. 'हॅपी डेज'मध्ये (१९६१) एक बाई मातीच्या ढिगात कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत पुरलेली असते आणि तरी पर्स उघडून दात घासते, चांगला दिवस म्हणते. १९७२ च्या 'नॉट आय'मध्ये काळोखात फक्त एक तोंड उरतं. लंडनमध्ये ते करताना बिली व्हाइटलॉ या नटीचं डोकं हलू नये म्हणून पकडीत बसवलेलं असायचं. तालमीत एकदा ती कोसळलीच. नटाचं अंग बांधून घालायचं आणि आवाजावर सगळा भार टाकायचा, ही त्याची रीत. नटांना तो छळवादी वाटायचा आणि तेच नट त्याच्यावर जीव टाकायचे.

२५ मार्च १९६१ ला त्यानं इंग्लंडमधल्या फोकस्टन गावी गुपचूप सुझानशी लग्न केलं. आपण आधी गेलो तर पुस्तकांचे हक्क तिला मिळावेत म्हणून. तेव्हा इतर बायकाही आयुष्यात होत्या, हे त्याच्या चरित्रकारांनी लपवलेलं नाही. सुझाननं काय सोसलं असेल याचा हिशेब कुठल्या नाटकात नाही.

ऑक्टोबर १९६९ मध्ये नोबेल जाहीर झालं तेव्हा दोघं ट्युनिशियात नाबल गावी होती. लँदाँची तार आली, तिचा मतलब असा की दिलं बुवा त्यांनी तुला, आता लपून बस. सुझानला तर ही आपत्तीच वाटली. स्टॉकहोमला तो गेलाच नाही, लँदाँनं जाऊन स्वीकारलं. पैसे बहुतेक अडलेल्या मित्रांत, लेखक-चित्रकारांत वाटून टाकले.

आपल्या नाटकात काडीचाही बदल त्याला चालत नसे. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये एका मंडळीनं 'गोदो' बायकांना घेऊन करायचं ठरवलं तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. बेकेटची बाजू हरली. चिडून त्यानं त्या देशात आपल्या नाटकांना बंदी घातली. इथं मला तो हट्टी वाटतो. दोन फाटक्या माणसांना ज्यानं कुठलीच ओळख ठेवली नाही, त्यानं ते पुरुषच हवेत म्हणून अडून बसावं?

राजकारणावर तो बोलत नसे, पण १९८२ मध्ये तुरुंगात असलेल्या चेक नाटककार व्हात्स्लाव्ह हावेलसाठी एक छोटं नाटक लिहून दिलं. त्यात एक दिग्दर्शक ओट्यावर उभ्या केलेल्या मुक्या माणसाला पाहिजे तसा वाकवतो, मान खाली घालायला लावतो. टाळ्या वाजतात. आणि तो माणूस हळूच मान वर करून प्रेक्षकांकडे बघतो. टाळ्या थांबतात.

१९८८ मध्ये बेकेट घरात पडला. इस्पितळात काही काळ शब्दच सापडेनात. बरं वाटल्यावर त्यानं एक लहानशी कविता लिहिली, नेमका शब्द कोणता हे चाचपडत राहणारी. आधी फ्रेंचमध्ये, मग दुसऱ्या वर्षी स्वतःच इंग्रजीत आणली. ते त्याचं शेवटचं लिखाण. पॅरिसच्या एका साध्या वृद्धाश्रमातल्या खोलीत तो राहू लागला. सुझान १७ जुलै १९८९ ला गेली. तो २२ डिसेंबरला. बातमी बाहेर फुटायच्या आधी २६ तारखेच्या सकाळी मोंपार्नासच्या दफनभूमीत मोजक्या माणसांनी त्याला तिच्या शेजारी ठेवलं. तीन दिवसांनी प्रागमध्ये हावेल राष्ट्राध्यक्ष झाला.

दगड करड्या रंगाचा, साधा. त्यावर दोघांची नावं आणि तारखा आहेत.